फल्लीची अ‍ॅलर्जी, धंतोलीतलं क्लिनिक आणि आमचे दहा महिने : पाचपैकी चार स्टार

सुरुवातीलाच सांगून टाकतो, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही. खाली कौतुक पण आहे न् तक्रारी पण, आणि नाव टाकलं की लोक एक तर जाहिरात म्हणतात नाही तर बदनामी. धंतोलीत आहे एवढं पुरे. धंतोली म्हटलं की नागपूरकराला चित्र दिसतंच, दर दुसरी बिल्डिंग दवाखाना, खाली औषधाचं दुकान, त्याच्यासमोर ऑटो, ऑटोच्या मागे तुमची गाडी आणि तुमच्या मागे हॉर्न.

विषय असा की आमच्या पोरीला फल्लीची अ‍ॅलर्जी आहे. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: फल्ली म्हणजे शेंगदाणा.) वय सहा, घरी चिंगी म्हणतो. आणि हे क्लिनिक तिला गेले दहा महिने रोज फल्लीच खाऊ घालून राहिलं आहे. हो, जी गोष्ट बाधते तीच, मिलिग्रॅममध्ये मोजून, हळूहळू वाढवत. याला ओरल इम्युनोथेरपी म्हणतात, क्लिनिकमध्ये सगळे नुसतं ओआयटी म्हणतात. मी बँकेत आहे, आकडे वाचायची खोड आहे, त्यामुळे हे लांबणार. घाई असेल तर सरळ शेवटी जा, पार्किंगचं तिथे लिहिलंय.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती दोन वर्षांची होती. एकादशीची साबुदाण्याची उसळ, आजीने दोन घास भरवले, अर्ध्या तासात पोटावर-पाठीवर गांधी उठल्या. आजीने "पित्त उठलं पोट्टीले" म्हणत आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात उतरलं, विषय संपला. उसळीत मूठभर कूट असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण आपल्याकडे फल्ली कोणी मोजतच नाही, पोह्यात आहे, चटणीत आहे, भाजीत कूट आहे, कढईत फल्लीचं तेल आहे. दुसऱ्यांदा चार वर्षांची असताना, काटोल रोडच्या एका लॉनवर लग्न होतं, ताटातली एक चमचा चटणी खाल्ली. ओठ सुजले, उलटी झाली, मग खोकला, मग पोरगी खांद्यावर एकदम ढिली पडली. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने फारसं काही न विचारता मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, आणि दहा मिनिटांत हिने डोळे उघडून विचारलं, "बाबा, माझी चप्पल कुठाय?" ती चप्पल लॉनवरच राहिली, परत आणायला कोणी गेलं नाही.

त्यानंतरचं वर्ष नुसतं लेबलं वाचण्यात गेलं. एफएसएसएआयच्या (खाण्याच्या मालावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०२० च्या नियमांनुसार पॅकबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडं, सोया वगैरे असेल तर तसं लिहावं लागतं, ते बिस्किटापुरतं ठीक आहे, पण पोह्याच्या ठेल्यावर कोणतं लेबल वाचणार? डॉक्टरांना विचारलं तर बहुतेकांनी "फल्ली देऊ नका" एवढंच सांगितलं, ते चुकीचं नाही, त्यांनी तरी असे पेशंट किती पाहिले असणार. आपल्या देशात हे प्रमाण खरंच कमी आहे, कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत खाण्याची खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ०.१४ टक्के मुलांमध्येच निघाली. नेमकी आमची त्या पॉइंट चौदात. एका लॅबने मात्र आम्हाला चांगलंच गंडवलं, दोनशे पदार्थांचं पॅनल म्हणून गलेलठ्ठ पैसे घेतले आणि रिपोर्टमध्ये गहू, दूध, वांगं, केळ सगळं लाल. पोरगी हे सगळं रोज खाते. नंतर कळलं की ती टेस्ट आयजीजीची होती, आयजीजी म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडी, तुम्ही काय काय खाता त्याची नुसती हजेरी, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. अ‍ॅलर्जीचा हिशोब आयजीई नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडीचा असतो. एका अक्षराच्या फरकाने आम्ही महिनाभर तिचं दूध बंद केलं होतं, अजून राग येतो.

आता क्लिनिक. पहिल्या भेटीला डॉक्टर मॅडमनी सव्वा तास दिला. किती खाल्लं, किती मिनिटांनी झालं, तेव्हा ताप होता का, पळत होती का, रात्री झोप झाली होती का, असे प्रश्न की मला वाटलं लोनची फाइल बनते आहे. मग हातावर थेंब टाकून टोचायची टेस्ट, पंधरा मिनिटांत फल्लीच्या जागी चांगला मोठा फोड उठला. रक्तात फल्लीचं आयजीई आणि त्यातल्या त्यात आरा एच टू नावाच्या एका प्रोटीनचं वेगळं आयजीई. हे प्रोटीन भाजून, तळून, पचनातूनही टिकतं, त्यामुळे त्याचा आकडा वर असला की प्रकरण खरं असायची शक्यता जास्त. काही पोरांची फल्लीची टेस्ट पॉझिटिव्ह येते पण ती आरामात चिक्की खात असतात, त्यांना कारण नसताना घाबरवून ठेवू नये म्हणून हे सगळं, आणि शेवटी क्लिनिकमध्येच बसवून थोडं थोडं खाऊ घालून पाहिलं. चिंगीला चौथ्या पायरीला खाज न् उलटी. ठरलं.

मी तिथे बसलो, मनात हिशोब की आता मॅडम ट्रीटमेंट विकणार. त्यांनी उलटंच केलं. म्हणाल्या, "हे पाहा, ही ट्रीटमेंट घेणाऱ्या मुलांना न घेणाऱ्यांपेक्षा रिअ‍ॅक्शन जास्त येतात. हे आधी ऐका, मग ठरवा." २०१९ मध्ये लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात बारा ट्रायल्स एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात फल्लीचं ओआयटी घेणाऱ्यांत मोठी रिअ‍ॅक्शन, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, साधारण २२ टक्क्यांना आणि फक्त टाळणाऱ्यांत ७ टक्क्यांना. कारण साधं आहे, टाळणारं पोर चुकून कधीतरी खातं, हे पोर रोज खातं. मग दुसरी बाजू सांगितली. २०१८ ला आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये ४ ते १७ वयाच्या मुलांना वर्षभर पावडर दिली, शेवटी ६०० मिलिग्रॅम फल्ली-प्रोटीन, म्हणजे दोन-अडीच दाणे, औषध घेणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांनी निभावले, नुसती खोटी पावडर घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांनी. त्याच पावडरीला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली, पॅल्फोर्झिया नाव, पण तीसुद्धा या अटीवर की पहिला डोस आणि प्रत्येक वाढीव डोस डॉक्टरांच्या डोळ्यासमोरच. बँकेच्या भाषेत मला जे समजलं ते असं: एकदम मोठा फटका बसू नये म्हणून रोजचा ईएमआय, आणि ईएमआयला पण व्याज आहे. जी व्यक्ती व्याज आधी सांगते तिच्याशी व्यवहार करावा असं माझं मत, आम्ही फॉर्म घेतला.

फॉर्म घेतला तरी लगेच सुरू नाही केलं बरं का. दिवाळी तोंडावर होती, मॅडम म्हणाल्या दिवाळीत फराळ, पाहुणे, जागरण, रिअ‍ॅक्शन आली तर कशाने आली कळणार नाही, नोव्हेंबरात या. मध्ये तिच्या दम्याची तपासणी. दमा कंट्रोलमध्ये नसेल तर हे सुरूच करत नाहीत, आमच्यासमोर एका जोडप्याला परत पाठवलं, ती आई रडत होती, मला तेव्हा मॅडम दगड वाटल्या.

नोव्हेंबरात पहिला दिवस, सकाळी ९ ते ३. फल्लीचं तेल काढलेलं पीठ, मिलिग्रॅमचा काटा, पाण्यात कालवून अर्ध्या मिलिग्रॅम प्रोटीनपासून सुरुवात, दर थोड्या वेळाने वाढवत ६ मिलिग्रॅमपर्यंत. आता पाहा, एका मोठ्या दाण्यात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम म्हणजे दाण्याचा पाचशेवा भाग. मी म्हटलं मॅडम हे तर वास घेतल्यासारखं झालं. म्हणाल्या, तुम्हाला वास, तिच्या शरीराला मोर्चा.

त्याच दिवशी आम्हाला इंजेक्शन शिकवलं. ते फॉरेनमध्ये पेनसारखं मिळतं तसलं अ‍ॅड्रेनलिन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यामुळे क्लिनिक तिच्या वजनाप्रमाणे भरलेल्या सिरिंज देतं, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा हिशोब, काळ्या कागदात गुंडाळून, आणि दोन-अडीच महिन्यांनी बोलावून बदलून देतं. प्रॅक्टिस कशावर? संत्र्यावर. सिस्टरने टोपलीच आणून ठेवली, "सर, साल जाड असलेलं घ्या, मांडीसारखं वाटतं." मी अकरा संत्री टोचली, बायकोने चार, आजीने एक, आणि आजी म्हणाली आता हे संत्रं कोणी खायचं. सिरिंज फ्रीझरमध्ये नाही, गाडीत तर अजिबात नाही, आणि नागपूरचा मे महिना ४५ च्या वर, तर आम्ही एक जाड पाऊच शिवून घेतलाय, तो घरातल्या सगळ्यात थंड खोलीत खुंटीला असतो, बाहेर निघताना मोबाइलच्या आधी तो.

आता खरा रिव्ह्यू. हे क्लिनिक स्लो आहे. इतकं स्लो की डोकं फिरतं. दर दोन आठवड्यांनी डोस वाढवायला जायचं, तासभर आधी तपासणी, डोस, मग दोन तास बसून राहायचं, आणि दहा महिन्यांत त्यांनी आम्हाला चार वेळा न वाढवताच परत पाठवलं. एकदा नाक वाहत होतं. एकदा आदल्या रात्री वरातीमुळे झोप झाली नव्हती. एकदा घरच्या वहीत मी तीन दिवसांचे टिक एकाच पेनाने एकाच दमात मारले होते, ते मॅडमनी पकडलं (बँकेत मी हेच दुसऱ्यांचं पकडतो), म्हणाल्या वही खरी झाली की या. चौथ्यांदा तर पोरगी ठणठणीत होती, पण आदल्या आठवड्यात दोनदा डोसनंतर पोट दुखलं असं तिने स्वतःच सांगितलं. मी सुट्टी टाकून आलेला, खाली ऑटोवाल्याशी भांडून आलेला, मी आवाज चढवला. मॅडमनी शांतपणे सांगितलं की सतत पोट दुखणं, गिळताना अडकणं हे अन्ननलिकेच्या एका वेगळ्याच दुखण्याचं लक्षण असू शकतं, ओआयटी घेणाऱ्या थोड्या मुलांत ते होतं, वेळेत धरलं नाही तर त्रास. दोन आठवडे तोच डोस, मग कमी झालं. मी सॉरी म्हटलं, पण रिसेप्शनवर, त्यांच्यासमोर हिंमत झाली नाही.

घरचे नियम पण ऐका, कारण सुरू करायच्या आधी कोणी सांगत नाही की सगळं घर या घड्याळावर चालायला लागतं. डोस रोज, शक्यतो एकाच वेळी, पोट भरलेलं असताना. डोसनंतर दोन तास पळापळ नाही, गरम पाण्याने आंघोळ नाही. झोपायच्या तोंडावर नाही, झोपेत काही झालं तर कळणार कसं. ताप, जुलाब, उलटी असेल तर फोन केल्याशिवाय डोस नाही, ताप उतरवायला आयब्युप्रोफेन मनाने द्यायचं नाही. लागोपाठ काही दिवस चुकला तर आपल्या मनाने परत सुरू करायचा नाही. कारण काय, अंग तापलं, धावलं, आजारी पडलं की काल पचलेला डोस आज बाधू शकतो. आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम कोणता माहितीये? चव. चिंगीला फल्लीची चव आवडत नाही, मळमळते म्हणते. जॅममध्ये दिलं, खजुरात दिलं, शेवटी गार गार श्रीखंडात चाललं. आता तिला श्रीखंड पण आवडेनासं झालंय, गुढीपाडव्याला तिने तोंड फिरवलं.

यात एक गंमत सांगायची राहिली. मी वाचलं की ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला, फल्ली आधी बारा तास उकडून मुलांना देतात, मग दोन तास उकडलेली, मग भाजलेली. उकडल्यावर काही प्रोटीनं पाण्यात उतरतात, फल्ली जरा मवाळ होते. २०२३ मध्ये त्यांनी ७० मुलांचं छापलं, ५६ जणांचं जमलं. मी हे जेवताना सांगितलं न् माझी आई, म्हणजे चिंगीची आजी, एकदम ताठ, "काऊन रे, आपल्या शेंगा काय कमी हायेत का? मी घरीच उकडून देतो पोट्टीले, त्यात दवाखाना कायले पायजे?" दुसऱ्या दिवशी मी तिला क्लिनिकला घेऊनच गेलो. मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "आजी, कुकरच्या किती शिट्ट्या घेता?" आई म्हणाली पाच-सहा. "आजी, ते बारा तास उकडतात. अर्धवट उकडलेला दाणा तेवढा मवाळ होत नाही. आणि तिथेसुद्धा निम्म्याहून जास्त मुलांना काही ना काही त्रास झालाच." आई गप्प. मग जाता जाता आईच बोलली, "आपल्या वाड्यातला मोत्या दूधवाल्यावर भुंके. मंग तो दूधवाला रोज हळूच येऊन भाकरीचा तुकडा टाके, तवा कुठं गप झाला. अन् दूधवाला पंधरा दिवस गावाले गेला का पुन्हा भुंके." मॅडम हसल्या, म्हणाल्या माझ्या स्लाइडपेक्षा हे बरं आहे. कारण खरंच तसंच आहे, रोज डोस आहे तोवर शांत, बंद केला की काहींमध्ये परत पहिल्यासारखं. लहानपणी सुरू केलं तर थोडं जास्त टिकतं म्हणतात, २०२२ च्या एका ट्रायलमध्ये १ ते ३ वयाच्या पोरांपैकी औषध चालू असेतो ७१ टक्के बरी झाल्यासारखी होती, पण अर्धा वर्ष बंद केल्यावर २१ टक्केच राहिली. आमची सुरू केली तेव्हा पाच वर्षांची. म्हणजे मोत्याला भाकर चालूच ठेवावी लागणार, किती वर्षं ते मॅडमनी सांगितलं नाही, मी दोनदा विचारलं.

आता मे महिना. वर्ध्याला मामाकडे, सुट्ट्या, पाच-सहा पोट्टे एका घरात. संध्याकाळी ६ ला डोस दिला, तिला कूलरसमोर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसवलं, मी बाहेर फोनवर. पोट्ट्यांनी अंगणात पाइप लावला, पाण्याची मस्ती, आणि ही मागच्या दारातून निसटली. पावणेसातला खोकत आली. मान लाल, पोटावर गांधी, आवाज घोगरा. बायकोने पाऊच आणला, मी तिला आडवं केलं, फ्रॉकवरूनच नाही, मांडी उघडी करून बाहेरच्या बाजूला, सरळ, संत्र्यात टोचायचो तसं. माझा हात थरथरत होता पण सुई गेली. पहिल्यांदा कळलं की पोरीची मांडी संत्र्यापेक्षा मऊ असते. साल्याने गाडी काढली, हॉस्पिटलला पोचेपर्यंत आवाज मोकळा झाला होता, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या इंजेक्शनची गरज पडली नाही.

इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार. क्लिनिकचा इमर्जन्सी नंबर मी गाडीतून तीनदा लावला, उचलला नाही. तीनदा! दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, चार्जिंगला लावून असिस्टंट जेवायला गेला होता. मी जे बोलायचं ते बोललो. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहावीच लागेल, पहिल्या दिवशी सिस्टरने बजावलं होतं की आधी इंजेक्शन, मग फोन, फोनची वाट पाहायची नाही. आम्ही फोन आधी लावत बसलो असतो तर? आता त्यांनी दोन नंबर दिलेत आणि मी महिन्यातून एकदा मुद्दाम रात्री नऊला लावून पाहतो, उचलतात, वैतागून उचलतात पण उचलतात.

नंतरच्या भेटीत कोणी आम्हाला रागावलं नाही. मिनिटामिनिटाचा हिशोब लिहून घेतला, डोस दोन पायऱ्या खाली आणला, तीन आठवडे तिथेच ठेवला. बंद करायचं असेल तर बंद करू, टाळणं हीसुद्धा ट्रीटमेंटच आहे, असं स्पष्ट सांगितलं. दुसरा पर्याय म्हणून ओमालिझुमॅबचं इंजेक्शन समजावलं, ते रक्तातलं आयजीईच पकडून ठेवतं, अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजूर झालं, ट्रायलमध्ये ६०० मिलिग्रॅम फल्ली-प्रोटीन ६७ टक्क्यांनी पचवलं, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत ७ टक्क्यांनी. पण ते दर दोन किंवा चार आठवड्यांनी घेत राहायचं, आणि किंमत ऐकून मी खुर्चीचा हात धरला. ओआयटी सुरू करताना काही महिने त्याचं कवच द्यायचं आणि डोस वाढवायचा असंही करतात. मॅडमना विचारलं तुमची पोरगी असती तर? म्हणाल्या, "माझी नाही, तुमची आहे, आणि तिला विचारलं का?" विचारलं. चिंगी म्हणाली सुई नको, श्रीखंड पण नको, पण श्रीखंड चालेल.

खर्चाचं लोक विचारून राहिले म्हणून सांगतो, टेस्ट धरून आतापर्यंत ७० हजारांच्या आसपास गेले, इन्शुरन्सने ओपीडी म्हणून एक रुपया दिला नाही. यात माझ्या सुट्ट्या धरल्या नाहीत. बिलावर "प्रोसिजर" एवढंच लिहितात, तपशील मागितला तर रिसेप्शनवरची ताई अशी पाहते की मी तिची किडनी मागितली. वेटिंगमध्ये एसी इतका गार की पोरं स्वेटर घालून येतात, मे महिन्यात. आणि हे तर ऐकाच, फल्लीच्या अ‍ॅलर्जीच्या क्लिनिकमध्ये वेटिंगला बसलेल्या एका आजोबांनी पिशवीतून चिवडा काढला, दाणे घातलेला, आणि शेजारच्या पोराला "घे बेटा". ताईने काउंटरवरून उडी मारायचीच बाकी ठेवली होती. भिंतीवर "खाण्यास मनाई" होतं, पण इंग्रजीत. मी तक्रार लिहिली, पुढच्या वेळी मराठी बोर्ड लागला होता, "येथे कृपया काही खाऊ नये", शुद्धलेखन बरोबर. याचा अर्धा मार्क मी परत दिला.

ऑगस्टमध्ये आम्ही ३०० मिलिग्रॅमला पोचलो. म्हणजे एक दाणा. दहा महिने, सत्तर हजार, एक संध्याकाळ वर्ध्याची, आणि एक दाणा. ऑफिसात सांगितलं तर एक जण म्हणाला एवढ्यात तर फल्लीचा ट्रक आला असता. त्याला समजणार नाही. आता पीठ बंद झालंय, मोजलेले दाणे असतात, बायको सकाळी काट्यावर ठेवते.

तान्हा पोळ्याचं सांगतो. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात, तो.) मागच्या वर्षी आम्ही पोरीला घरातच ठेवलं होतं, लाकडी बैल घेऊन खिडकीत बसून ती खालच्या पोट्ट्यांना पाहत होती, कारण घरोघरी बोजारा म्हणून काय हातात देतील याचा भरवसा नाही, चॉकलेट, लाडू, चिक्की, काहीही. या वर्षी बैलाला झूल शिवली आणि गेलो. नियम एकच, गोळा करायचं, खायचं नाही, खिसा बाबांकडे. सातव्या की आठव्या घरी चिक्की मिळाली, तिने माझ्याकडे दिली, पण तिच्या मैत्रिणीने आपल्यातला तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला, आणि ही चावली. मग स्वतःच थांबली, थुंकली आणि येऊन म्हणाली, "बाबा, चुकून गेली." मी तिथेच फुटपाथवर बसलो, पाऊच उघडून मांडीवर ठेवला, घड्याळ लावलं. पाच मिनिटं. पंधरा. म्हणाली जीभ जरा खाजते. पाणी दिलं. अर्धा तास. मैत्रिणीची आई तीनदा सॉरी म्हणाली, तिला पण बसवून घेतलं. बैल आमच्या दोघांच्या मध्ये उभा. पाऊण तासाने चिंगीने विचारलं, पुढच्या घरी जायचं का, मी म्हटलं चालत, पळायचं नाही. रात्री दहापर्यंत काही झालं नाही. एवढ्याच चटणीने दोन वर्षांपूर्वी ती खांद्यावर ढिली पडली होती.

तरी पोहे आम्ही अजून बिना फल्लीचेच घेतो, आणि ते पण एकाच ठेल्यावर, तो माणूस आम्हाला पाहिलं की कढई वेगळी काढतो. मॅडमचा हुकूम आहे की मोजलेला दाणा सोडून बाकी सगळी फल्ली पहिल्यासारखीच टाळायची, ओआयटी चुकून गेलेल्या घासासाठी आहे, तर्रीत बुडवून प्लेट हाणायला नाही.

कोणाला जायचं असेल तर दमा आधी तपासून ठेवा, वही खरी ठेवा, शनिवार टाळा, स्वेटर न्या. आणि जे क्लिनिक तुम्हाला एकदाही परत पाठवत नाही, दर वेळी डोस वाढवूनच देतं, तिथे मी तरी माझी पोरगी नेणार नाही. एक स्टार पार्किंगचा कापलाय. बेसमेंटला जागा आहे, तिथे त्यांनी जुने पलंग न् फाइलींची कपाटं भरून ठेवलीत, मी वाकून पाहून आलोय. ते हलवलं की स्टार परत देईन.